गावातलं घर, दुकान आणि छोटा उद्योग: हद्द, झोन आणि परवानगी (विदर्भ)

कपाशीपट्टा (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. गाव अडीच हजार वस्तीचं, ग्रामपंचायत आहे, नगरपंचायत नाही. तीन कामं काढायची आहेत. परवानगी कोणाची लागते हे गावात विचारलं तर जो तो वेगळंच सांगतो.

1) आबादीतलं मातीचं घर पाडून पक्कं बांधायचं. जागा 30 बाय 50 फूट, समोर 12 फुटांची गल्ली.
2) त्याच घराच्या पुढच्या खोलीत आटाचक्की आणि बाजूला किराणा.
3) गावापासून दीड किलोमीटरवर जिल्हा मार्गाला लागून 20 आर वावर विकत घेऊन तिथे मिनी दालमिल. शेड 30 बाय 60 फूट.

घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 हातात आहे. वावराचा सातबारा विकणाऱ्याच्या नावावर आहे, इसार अजून दिलेला नाही. सुरुवात कुठून करावी?

चावडीकर (जि. वाशीम)

भाऊ, इसार दिला नाही हे उत्तम. झोनचं (जागा कोणत्या वापरासाठी ठरवली आहे त्याचं) नंतर बघू, आधी जागा कोणाच्या हद्दीत येते ते पक्कं करा. हद्द बदलली की परवानगी देणारा बदलतो, आणि ज्याला अधिकारच नाही त्याने दिलेली परवानगी पुढे बँकेत, वीज जोडणीत किंवा नोटीस आल्यावर कामाला येत नाही. आपल्याकडे निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

आबादी म्हणजे गावठाण. तिथे बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देते, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 खाली. तुमचं घर यात बसतं.

आबादीबाहेरचं गट नंबरचं वावर हे वेगळं प्रकरण. जिल्ह्याची प्रादेशिक योजना लागू असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम 1966 चं कलम 18 लागतं. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची, ते अधिकार बहुतेक ठिकाणी खाली उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे दिलेले असतात, आणि नकाशा नगर रचना विभागाची जिल्हा शाखा तपासते. ग्रामपंचायतीचा कागद इथे फक्त ना-हरकत म्हणून जोडला जातो. 'सरपंचाने लिहून दिलं, बांधा' असं कोणी म्हणत असेल तर थांबा.

तिसरी हद्द नगरपंचायत किंवा नगरपरिषदेची, तिथे मुख्याधिकारी. तालुक्याची बरीच गावं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहेत. त्यानंतरच्या तारखेचा ग्रामपंचायतीचा बांधकाम दाखला कोणी दाखवला तर तो विचारात घेऊ नका. चौथी नागपूरकडच्या लोकांसाठी: नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात 9 तालुक्यांतली 719 गावं आहेत, तिथे नियोजन प्राधिकरण तेच.

आता आबादीची रेघ कुठे आहे हे शेवटच्या घरावरून ठरवू नका. महाभूनकाशावर (जमिनीचे नकाशे दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) गाव उघडा आणि गावठाणाची हद्द बघा. ज्या जागेला सातबारा निघतो ती आबादीबाहेरची धरून चाला, मग तिथे चाळीस वर्षांपासून घरं असोत. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावात घराची मिळकत पत्रिका मिळते. ती निघाली असेल तर नमुना 8 बरोबर तीही काढा, क्षेत्रफळ दोन्हींत जुळतं का बघा.

आणि एक. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. पटवाऱ्याकडचा गाव नमुना 8-अ वेगळा, तो खातेदाराच्या एकूण जमिनीचा. बँकेत 'आठचा उतारा आणा' म्हणाले की कोणता ते विचारून घ्या. एक मागितला आणि दुसरा नेला म्हणून फाईल परत येते.

रेघपट्टी (परवानाधारक अभियंता, जि. अकोला)

घराचं मी सांगतो.

30 × 50 = 1500 चौरस फूट, म्हणजे 139 चौरस मीटर. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झाली. त्या धर्तीवर ग्रामीण भागात 150 चौ.मी.पर्यंतच्या भूखंडाला नगररचनाकाराच्या मंजुरीची गरज राहिलेली नाही. मालकीचा कागद, जागेचा नकाशा, इमारतीचा नकाशा आणि 'हे बांधकाम नियमावलीप्रमाणे आहे' असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला एवढं ग्रामपंचायतीत दाखल करायचं, शुल्क भरून पावती घ्यायची. 150 ते 300 चौ.मी. असेल तर ग्रामपंचायतीने तपासून 10 दिवसांत बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र द्यायचं. 300 च्या वर गेलं की नगररचनाकार आला.

तुमचं 139 आहे, पण हे नमुना 8 वरचं माप की टेपने मोजलेलं? नमुना 8 मध्ये बरेचदा जुन्या घराचं बांधकाम तेवढंच लिहिलेलं असतं, मागचं अंगण आणि गोठा सुटलेला असतो. 150 चौ.मी. म्हणजे 1614 चौ.फूट. जागेवर 1650 निघाले तर तुम्ही दुसऱ्या गटात जाता. अर्जाआधी चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. जुन्या आबादीत जागा काटकोनात क्वचितच असते. फक्त लांबी-रुंदी लिहिली की कोपऱ्यातला फूट-दीड फूट शेजाऱ्याच्या हद्दीत दाखवला जातो आणि हरकत येते.

आता गल्ली. 4.5 मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला गल्ली धरतात आणि बांधकाम तिच्या मध्यापासून 2.25 मीटर मागे ठेवायचं असतं. तुमची गल्ली 12 फूट म्हणजे 3.66 मीटर. मध्यापासून कडेपर्यंत 1.83. म्हणजे कडेपासून साधारण 42 सेंटिमीटर, दीड फुटाला थोडं कमी, जागा समोर सोडावी लागेल. जुनी भिंत नेमकी गल्लीच्या कडेला होती म्हणून नवीही तिथेच उभी करता येत नाही. जुनं पाडलं की नवा नियम लागतो. हे ऐकून लोक नाराज होतात, पण गल्लीत बंडी आणि ट्रॅक्टर दोन्ही यायचे असतील तर ती जागा सुटायलाच पाहिजे.

ओटा, पायऱ्या, दुकानाचा उतार आणि छज्जा हे सगळं त्या सोडलेल्या जागेच्या आत बसवा. गल्लीवर किंवा नालीवर आलेला ओटा कलम 53 खाली अतिक्रमण ठरतो, आणि ते काढायला ग्रामपंचायतीला वेगळ्या आदेशाची वाट बघावी लागत नाही.

बाजूची भिंत हद्दीला लावून घेता येईल, पण त्या भिंतीत खिडकी नको, आणि स्लॅबचं वा टिनाचं वळचणीचं पाणी शेजाऱ्याकडे पडू देऊ नका. पन्हाळ आपल्या बाजूने घेऊन नालीत सोडा. शेजारचं घर मातीचं असेल तर त्या बाजूचा पाया एकदम खोदू नका. चार-पाच फुटांच्या तुकड्यांत खोदून भरत या, आणि हे काम पावसाळा संपल्यावर. काळी माती ओली असताना शेजारची भिंत सरकली की नकाशा मंजूर असूनही काम पोलिसांत जातं.

दिवाबत्ती (जि. बुलढाणा)

रेघपट्टींना जोड. घरावरून किंवा बाजूने तार जाते का? 11 केव्हीच्या तारेपासून आडवं अंतर 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर सुटायला हवं. 33 केव्हीला आडवं 2 मीटर. साध्या एलटी (कमी दाबाच्या) तारेला आडवं 1.2, उभं 2.5. कौलारू घर पाडून स्लॅब टाकला की उंची वाढते, आणि गच्चीवर उभा माणूस तारेच्या टप्प्यात येतो. तार हलवायचा अर्ज बांधकामाच्या आधी द्या. स्लॅब पडल्यावर तो खर्च पूर्ण तुमच्यावर आणि जोखीम घरच्यांवर.

माय_वावर (जि. भंडारा)

यात एक प्रश्न माझाही. आमच्या गावाला लागून एक प्लॉट मिळतोय, स्वस्त आहे, विकणारा म्हणतो झुडपी आहे पण सगळ्यांनी घरं बांधली आहेत. घ्यावा का?

चावडीकर (जि. वाशीम)

नाही, ताई. झुडपी जंगलाचा प्रश्न नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांत आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन वनच आहे असं ठरवलं. 12 डिसेंबर 1996 च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने रीतसर वाटप केलेल्या जमिनींचा मार्ग वेगळा आहे. आज कोणी प्लॉट पाडून विकत असेल तर तो त्यात येत नाही. सातबाऱ्याचं 'इतर हक्क' बघा, आणि तेवढ्यावर थांबू नका: 1954-55 चा अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. नव्या सातबाऱ्यावर नोंद गळालेली असते, जुन्यात ती सापडते.

आमच्या वऱ्हाडात हीच जागा ई-क्लासच्या जमिनीची. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडे गावाच्या कडेला गुरं चारायची सरकारी ई-क्लास असते. तिथे घर बांधून नमुना 8 ला नोंद करून घेतली, कर भरला, तरी जागा सरकारचीच राहते. सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा गायरानाबद्दलचा निकाल यावर स्पष्ट आहे.

कपाशीपट्टा (जि. यवतमाळ)

घराचं नीट कळलं, सगळ्यांचे आभार. जागा परत मोजतो. चक्कीचं आणि दालमिलचं सांगा.

दिवाबत्ती (जि. बुलढाणा)

चक्की आणि किराणा. यात तीन गोष्टी आहेत.

पहिली ग्रामपंचायतीची ना-हरकत. ती सरपंचाच्या लेटरहेडवर नको. मासिक सभेचा ठराव, ठराव क्रमांक आणि तारीख असलेली घ्या. अर्जात 'व्यवसाय' असं मोघम लिहू नका. 'आटाचक्की, इतक्या अश्वशक्तीची मोटर, कामाची वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 8' असं लिहा. शेजाऱ्याने तक्रार केली तर ठरावात जे लिहिलं आहे तेच तुमच्या बाजूने उभं राहतं. ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. चक्कीचा पाया घराच्या पायापासून आणि सामाईक भिंतीपासून सुटा ठेवा, किमान फूटभर, मशीनखाली रबरी पॅड. तक्रारी आवाजापेक्षा भिंत हादरते म्हणून जास्त येतात. पिठाची धूळ गल्लीत जाऊ नये म्हणून कापडी पिशवी लावा, नुसता पंखा नको.

दुसरी वीज. चक्कीसाठी औद्योगिक दराची वेगळी जोडणी घ्या, घरगुती मीटरवर चालवू नका. घरगुती मीटरवर दुसरा वापर सापडला तर विद्युत अधिनियम 2003 चं कलम 126 लागतं: लागू दराच्या दुप्पट आकारणी, आणि वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. किराण्याला मात्र सवलत आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. घराच्याच एका भागात छोटा धंदा असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा 3600 युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो. फ्रीज दोन झाले की उन्हाळ्यात हा आकडा ओलांडतो, म्हणून एप्रिल-मेची बिलं डोळ्यासमोर ठेवून ठरवा.

तिसरी, नोंदण्या. कामगार 20 पेक्षा कमी (2025 च्या दुरुस्तीआधी 10) असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. किराणा आणि पीठ दोन्ही खाद्यपदार्थ, म्हणून अन्न सुरक्षा नोंदणी लागते. 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये. पण यातली एकही नोंदणी 'या जागेत हा धंदा चालतो' हे सांगत नाही. भिंतीवर पाच प्रमाणपत्रं टांगलेली आणि ग्रामपंचायतीचा ठरावच नाही, अशी दुकानं गावोगाव आहेत.

धुरा_आणि_पांदण (जि. वर्धा)

दालमिलच्या जागेबद्दल, इसार देण्याआधी हे सगळं वाचा.

क्षेत्र. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. त्याखालचा तुकडा शेतजमीन म्हणून विकताना तुकडेबंदी आडवी येते. तुम्ही 20 आर म्हणता. 1 आर म्हणजे 100 चौ.मी., 1 गुंठा म्हणजे 101.17 चौ.मी. 20 गुंठे भरायला 20.23 आर लागतात. तुमचा 20 आरचा तुकडा हिशेबाने 23 चौरस मीटर कमी पडतो. काठावरचा आकडा ठेवू नका. 21 किंवा 22 आरचा सौदा करा, आणि विकणाऱ्याकडे उरणारा तुकडाही 20 गुंठ्यांच्या खाली जात नाही ना ते बघा. गोंदिया-गडचिरोलीकडे डिसमिलमध्ये बोलतात तिथेही हेच: एकराचा शंभरावा भाग म्हणजे 1 डिसमिल, म्हणून 20 गुंठे म्हणजे 50 डिसमिल.

जागेचा आकार. रस्त्याला लांब आणि मागे कमी खोल असा पट्टा विकणाऱ्याला सगळ्यात जास्त भाव मिळवून देतो आणि उद्योगाला सगळ्यात निरुपयोगी असतो. 21 आर जागा रस्त्याला 100 मीटर आणि खोल फक्त 21 मीटर असेल तर इमारत रेषेतच (रस्त्यापासून बांधकामाविना सोडायचं अंतर) ती जवळपास संपते. तीच 35 बाय 60 मीटर असेल तर समोर ट्रक वळायला जागा राहते आणि मागे शेड बसतं. तुमचं शेड 9 बाय 18 मीटर आहे, त्याला खोल जागाच पाहिजे.

इमारत रेषा डांबराच्या कडेपासून मोजत नाहीत, रस्त्याच्या मध्यापासून मोजतात. राष्ट्रीय महामार्गाला मध्यापासून 40 मीटर इमारत रेषा आणि 75 मीटर नियंत्रण रेषा. तुमचा जिल्हा मार्ग आहे, त्याचं अंतर सार्वजनिक बांधकामच्या उपविभागातून लेखी घ्या, रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक त्या पत्रात असू द्या. जिल्हा मार्ग पुढे राज्यमार्ग झाले की अंतर वाढतं. बाजूच्या ढाब्याने किती सोडलं ते बघून आपलं ठरवू नका. रस्त्यापासून वावरात यायला नालीवर पाईप टाकून पोचमार्ग करायचा तर त्याचीही परवानगी तिथूनच.

मोजणी. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करा, विकणाऱ्याच्या सहीने. हद्द दाखवून मिळालेली क-प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आल्यावरच खरेदीखत. धुऱ्यावरची बाभूळ ही हद्द नव्हे. वावरातून पांदण रस्ता जात असेल तर तो गाव नकाशावर तुटक रेघांत दिसतो. प्रत्यक्षात नांगरला गेला असला तरी रस्ता कागदावर जिवंत असतो आणि शेडच्या मधोमध निघू शकतो.

कायदा_वऱ्हाड (वकील, जि. अमरावती)

धुरा भाऊंच्या पुढे मालकीचं.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-1 (विक्रीला सरकारी बंधन नसलेली जमीन) पाहिजे. वर्ग-2 असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा आल्याशिवाय पुढे जाऊ नका. यवतमाळ-वर्ध्याकडे भूदानाची जमीन बरीच आहे. 1953 च्या मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियमाखालची ही जमीन विकता येत नाही. सातबाऱ्यावर 'भूदान' शब्द दिसला की विषय तिथेच संपवा.

विकणारा आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ. बिगर आदिवासीने विकत घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. लोक म्हणतात, 'मग भाड्याने घेतो'. भाडेपट्टाही त्याच कलमात येतो. 5 वर्षांपर्यंतच्या पट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. शंभराच्या स्टॅम्पवरचा करार इथे चालत नाही, आणि यात फसवला जातो तो बहुतेक वेळा जमिनीचा मालकच.

कुळकायद्याबद्दल. इंटरनेटवर सगळीकडे कलम 63 लिहिलेलं असतं, ते पश्चिम महाराष्ट्राच्या कायद्यातलं. आपल्याला 1958 चा विदर्भ प्रदेशाचा कुळवहिवाट कायदा लागतो: शेतकरी नसलेल्याला जमीन द्यायची मनाई कलम 89 मध्ये, आणि खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठीची सूट कलम 89-अ मध्ये. तुम्ही शेतकरीच आहात म्हणून अडचण नाही, पण भागीदार शहरातला नोकरदार असेल तर खरेदीखतात त्याचं नाव घालण्याआधी हे वाचा.

चावडीकर (जि. वाशीम)

आता झोन. नगर रचना विभागाच्या जिल्हा कार्यालयातून त्या गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा, दोन्ही घ्या. दाखल्यावर 'शेती विभाग' आला तर घाबरू नका, शेतमाल प्रक्रियेला त्या विभागात वाव असतो. अर्जातच 'दालमिल अनुज्ञेय आहे किंवा कसे' हे विचारा म्हणजे उत्तर लेखी येतं. भाग नकाशा का, तर प्रादेशिक योजनेतला नियोजित रस्ता किंवा रुंदीकरण दाखल्यात येत नाही, नकाशात दिसतं. नदी-नाला जवळ असेल तर पूररेषाही विचारा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नाही. लाल 100 वर्षांची, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. पैनगंगा-वर्धेच्या काठच्या गावांनी हे आधी बघावं.

झोन बसला की अकृषिकचं (एनए, म्हणजे जमिनीचा शेतीशिवाय वापर). औद्योगिक वापराला संहितेचं कलम 44-अ आहे. झोनमध्ये चालणारा खरा औद्योगिक वापर असेल तर आधी परवानगी घ्यावी लागत नाही, वापर सुरू केल्यापासून 30 दिवसांत तहसीलदारांना विहित नमुन्यात कळवायचं, प्रत पोचसहित ठेवायची, आणि रूपांतरण कर व अकृषिक आकारणी भरायची. मग नोंद गाव नमुना 2 ला येते का ते पटवाऱ्याकडे जाऊन बघा. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, अर्जावर तेच लिहा.) कळवायला चुकलं की दंड.

लक्षात घ्या, अकृषिक आणि बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 44-अ ने शेडचा नकाशा मंजूर होत नाही. तसंच कलम 42-ड चं: गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली, विकासयोग्य झोनमधली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक मानली जाते. 'मानीव एनए आहे' म्हणून लोक थेट पाया खोदतात. बांधकामाची मंजुरी तिथेही घ्यावीच लागते. आणि ते 200 मीटर नकाशावरच्या गावठाणाच्या रेघेपासून, शेवटच्या घरापासून नव्हे.

दिवाबत्ती (जि. बुलढाणा)

दालमिल 2016 च्या वर्गीकरणात हिरव्या, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, गटात होती, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा अर्ज शेड उभारण्याआधी करा. चुनी आणि भुश्श्याच्या धुळीला सायक्लोन (धूळ वेगळी काढणारं यंत्र) लावायचा तर शेडच्या उंचीत आधीच धरा, नंतर छप्पर कापावं लागतं. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत (पीएमएफएमई) 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण बँक जमिनीचे कागद पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.

बांबूबन (जि. चंद्रपूर)

ताडोबाच्या बफरमधल्या गावात चार खोल्यांचं होमस्टे. आबादीतच आहे, मग ग्रामपंचायतच ना?

चावडीकर (जि. वाशीम)

बांधकामाला ग्रामपंचायत, पण पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना वरून लागते. या अधिसूचनांमध्ये साधारणपणे संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 1 किलोमीटर किंवा संवेदनशील क्षेत्राच्या हद्दीपर्यंत, जे जवळ असेल तिथपर्यंत, नवी व्यावसायिक हॉटेलं-रिसॉर्ट चालत नाहीत. स्थानिकाला स्वतःच्या राहत्या वापरासाठी बांधता येतं. म्हणून राहतं घर आणि त्यातल्या पाहुण्यांच्या खोल्या असाच नकाशा असू द्या, सुटं बांधकाम व्यावसायिक दिसतं. वनविभागाकडून गट नंबर किंवा घर क्रमांक घालून अंतराचा लेखी दाखला घ्या.

माय_वावर (जि. भंडारा)

झुडपीचा प्लॉट सोडला. आता नागपूरच्या बाजूला एक बघितला, जाहिरातीत 'एनए टीपी, आरएल लवकरच' आहे.

रेघपट्टी (परवानाधारक अभियंता, जि. अकोला)

'लवकरच' वर पैसे देऊ नका. टीपी म्हणजे अभिन्यासाचा (लेआउटचा) नकाशा मंजूर. त्याची शिक्क्याची प्रत मागा आणि तिच्यावर तुमचा प्लॉट क्रमांक स्वतः शोधा. बरेचदा तो क्रमांक 10 टक्के खुल्या जागेवर टाकलेला असतो. अभिन्यासातला रस्ता किमान 9 मीटर, लांबी 150 मीटरच्या वर गेली की 12 मीटर. जागेवर टेप लावा. आरएल म्हणजे रिलीज लेटर, भूखंड मोकळा केल्याचं पत्र. ते प्राधिकरणाकडून त्या भूखंडापुरतं निघालेलं आहे का ते त्यांच्या कार्यालयात विचारा, विकणाऱ्याच्या झेरॉक्सवर नव्हे. रेल्वे जवळ असेल तर रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत त्यांची ना-हरकत लागते.

मातीकाम (जि. गोंदिया)

वीटभट्टीचं कोणी सांगेल का? वावर आबादीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे.

धुरा_आणि_पांदण (जि. वर्धा)

अर्धा किलोमीटर चालणार नाही. 22 फेब्रुवारी 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून 800 मीटर लांब पाहिजे, आणि दुसऱ्या भट्टीपासून 1 किलोमीटर. त्याशिवाय माती उचलायला तहसीलची गौण खनिज परवानगी. स्वतःच्या वावरातली माती असली तरी.

कपाशीपट्टा (जि. यवतमाळ)

विकणाऱ्याशी बोलणं झालं, 22 आर द्यायला तयार आहे आणि मोजणीच्या अर्जावर सही करतो म्हणाला. झोन दाखल्याचा अर्ज कसा लिहू? नमुना असेल तर द्या.

चावडीकर (जि. वाशीम)

हा घ्या. गट नंबर आणि नावं भरा, सोबत महिन्याच्या आतला डिजिटल सातबारा (15 रुपयांत निघतो), 8-अ, गाव नकाशाची प्रत ज्यावर तुमचा तुकडा लाल पेनने दाखवलेला आहे, आणि मालकाचं संमतीपत्र जोडा.

प्रति,
सहायक संचालक, नगर रचना,
जिल्हा शाखा कार्यालय.

विषय: मौजे ______, ता. ______ येथील गट क्र. ___ चा झोन दाखला व भाग नकाशा मिळणेबाबत.

महोदय,
वरील गट क्रमांकाचे एकूण क्षेत्र __ हे. __ आर असून त्यापैकी सोबतच्या नकाशात दर्शविलेले 22 आर क्षेत्र मी खरेदी करू इच्छितो. मूळ मालकाची संमती जोडली आहे. सदर क्षेत्रावर तूर व हरभरा यांची मिनी दालमिल (शेड अंदाजे 9 × 18 मीटर) उभारण्याचा मानस आहे. तरी खालील बाबींची माहिती व दाखला मिळावा.
1) प्रादेशिक योजनेनुसार सदर क्षेत्र कोणत्या विभागात समाविष्ट आहे.
2) त्या विभागात दालमिल अनुज्ञेय आहे किंवा कसे, आणि असल्यास कोणत्या अटींवर.
3) सदर गटातून नियोजित रस्ता, रस्ता रुंदीकरण किंवा आरक्षण जाते किंवा कसे.
4) सदर गट पूररेषेने बाधित आहे किंवा कसे.
आवश्यक शुल्क भरण्यास तयार आहे.

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. दुसरा आणि तिसरा मुद्दा अर्जातून गाळू नका, कारण न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दाखल्यात येत नाही. दाखला आला की त्याची प्रत इथे टाका (नाव आणि गट नंबर झाकून), अटी बघून शेडचा नकाशा रेघपट्टी सांगतील.

रेघपट्टी (परवानाधारक अभियंता, जि. अकोला)

टाका, बघतो. सोबत बांधकाम उपविभागाचं इमारत रेषेचं पत्र आणि मोजणीची क-प्रत पाहिजे. तिन्ही कागद आल्याशिवाय शेडची जागा ठरवता येत नाही.